निदर्शनास आले, पण कोणाच्या?

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने मला बोलावले होते. वाचनालय शंभरी ओलांडलेले. करकरणारा लाकडी जिना, काचेची कपाटे, भिंतीवर टिळक-आगरकरांच्या रांगेतच देणगीदारांच्याही तसबिरी. माझ्या एका कादंबरीवर गप्पा, असा कार्यक्रम होता. चाळीसएक माणसे जमली होती आणि पहिल्या रांगेत माझी पत्नी बसली होती. एरवी ती माझ्या कार्यक्रमांना येत नाही. "तेच तेच काय ऐकायचं?" असा तिचा सवाल असतो आणि तो रास्त आहे. त्या गावात तिची मावसबहीण राहते, म्हणून ती आली होती इतकेच.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा एक बाई उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका असाव्यात, कारण प्रश्न विचारण्याआधी त्यांनी मागच्या रांगेतली कुजबूज नुसत्या नजरेने थांबवली. म्हणाल्या, "तुमच्या कादंबरीतला तो बँकेतला अधिकारी, जो सगळी हकिगत सांगतो, तो म्हणजे तुम्हीच ना?"

हशा पिकला. सगळ्यांच्या नजरा आधी माझ्याकडे आणि मग पहिल्या रांगेकडे वळल्या. त्याला कारण होते. हा अधिकारी कचेरीत भित्रा आणि घरात तापट आहे. मी घसा खाकरला आणि अशा वेळी लेखक जे उत्तर देतात तेच दिले. "निवेदक म्हणजे लेखक नव्हे. कादंबरीतला 'मी' हे एक पात्र असते, इतर पात्रांसारखेच." बाई "बरं" म्हणाल्या आणि खाली बसल्या. पाठ केलेले उत्तर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक ज्या आवाजात "बरं" म्हणतात, त्या आवाजात.

उत्तर चूक नव्हते. किंबहुना आपल्याकडच्या वाचकांना ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, अशीच परिस्थिती आहे. भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' 1965 साली आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! आचार्य अत्र्यांनी त्यावर झोड उठवली. त्यातली गोष्ट सांगतो तो पोक्या, मुंबईतल्या नाक्यावर उभा राहणारा एक पोरगा. तो नाक्यावरच्या पोरांसारखेच बोलणार, मुलींकडे तशाच नजरेने पाहणार, आणि आपण काही वावगे करतो आहोत हे त्याच्या गावीही नसणार. ते त्याच्या गावी नाही, हेच तर लेखकाला दाखवायचे आहे. पण पोक्याच्या तोंडची भाषा ही पाध्यांची भाषा आणि पोक्याची नीती ती पाध्यांची नीती, असे धरून चालणारे तेव्हा पुष्कळ होते. 'कोसला'चेही थोडेफार तेच झाले. 1963 पासून आजतागायत पांडुरंग सांगवीकर म्हणजे भालचंद्र नेमाडेच, असे समजून त्या पुस्तकावर प्रेम करणारे आणि त्याच समजुतीने चिडणारेही मला भेटत आले आहेत.

आता 'दृष्टिकोन' हा शब्द मराठीत फार झिजला आहे. सकारात्मक दृष्टिकोन ठेवा, दृष्टिकोन बदला, वगैरे. कथेच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे: पाहणारा कुठे उभा आहे, आणि तिथून त्याला काय दिसत नाही? मला हे साहित्यशास्त्राच्या पुस्तकाआधी बँकेच्या पासबुकाने शिकवले. तुम्ही बँकेत हजार रुपये भरता आणि पासबुकात 'जमा' पाहून सुखावता. ती तुमची ठेव, तुमची मालमत्ता. तेच हजार रुपये बँकेच्या ताळेबंदात मात्र देण्यांच्या बाजूला असतात, कारण केव्हा ना केव्हा ते तुम्हाला परत करायचे आहेत. रक्कम एक, तारीख एक, व्यवहार एक. कुणीही खोटे बोलत नाही. तरी एकाच्या वहीत जे येणे, ते दुसऱ्याच्या वहीत देणे. लग्नातल्या पंगतीची हकिगत मुलीकडच्यांकडून ऐकावी आणि मग मुलाकडच्यांकडून, म्हणजे याचा घरगुती पुरावा मिळेल.

चांगला लेखक सांगणारा निवडताना त्याला काय ठाऊक आहे यापेक्षा काय ठाऊक नाही याचा हिशेब अधिक करतो, असे मला वाटते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. 1955 सालची ही कादंबरी. धनगरांच्या वाडीत नव्याने आलेला कोवळा मास्तर ती सांगतो. वाडीतलाच एखादा जाणता धनगर निवेदक म्हणून घेणे माडगूळकरांना अवघड नव्हते. तो मुलूख आणि ती बोली त्यांच्या हाडीमांसी होती. पण धनगराला मेंढरांचा वास जाणवला नसता. वाडीचे उठणे-बसणे, कारभाऱ्याचा शब्द, रामोश्याची चोरी, हे सारे त्याला सांगण्याजोगे वाटलेच नसते, कारण ते रोजचेच. मास्तरला आधी काहीच कळत नाही. तो चुकतो, त्याच्याविषयी गैरसमज होतात, आणि वाडी त्याला जशी उमगत जाते तशी ती आपल्यालाही उमगते. मास्तरचे अडाणीपण हीच आपल्याला वाडीत शिरायची वाट.

त्याही आधी, 1890 पासून, हरि नारायण आपटे 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षांत कोण घेतो' लिहीत होते. वय अवघे पंचविशी ओलांडलेले, पुरुष, पुण्याच्या ब्राह्मण समाजातले, आणि सांगणारी कोण, तर यमू. लहानपणापासून ते वैधव्यापर्यंतची सारी कथा ती स्वतःच्या तोंडाने सांगते. त्या काळी विधवांच्या केशवपनावर व्याख्याने झडत होती, लेख लिहिले जात होते, शास्त्रार्थ होत होते. पण त्या सगळ्यांत विधवा ही 'ती' होती. आपट्यांनी तिला 'मी' केले. न्हाव्यापुढे जबरदस्तीने बसवली जाणारी बाई 'मी' म्हणते, तेव्हा वाचकाला पंच म्हणून बसायला जागाच उरत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती पाने अंगावर येतात ती या एका सर्वनामाने.

पुढे आपल्याकडे अनेक 'मीं'ची पद्धत आली. खांडेकरांच्या 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे बोलतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण. दोन्ही पुस्तके घराघरांत पोहोचली आणि ती का पोहोचली हे मला समजते. कर्णाला आपली आई ठाऊक नसताना कुंतीच्या तोंडून आपण ते सगळे ऐकत असतो, आणि या कानाचे त्या कानाला सांगता येत नाही म्हणून जीव तुटतो. पण एक धाडसी मत मांडून टाकतो, पत्रे आली तर येवोत. 'मृत्युंजय'मधल्या सहा जणांची नजर निराळी असली तरी जीभ एकच आहे. दुर्योधनही कुंतीसारखाच अलंकारिक बोलतो. पान मध्येच उघडले तर कोण बोलते आहे हे मला प्रकरणाचे नाव पाहूनच कळते. पोक्याचे तसे होत नाही. त्याचे एक वाक्य कुठूनही उचला, नाका डोळ्यांसमोर उभा राहतो.

राहिला तो कोणीच नसलेला निवेदक. तृतीयपुरुषी, सर्वज्ञ. तो सगळ्यांच्या घरात शिरतो, सगळ्यांच्या मनातले त्याला कळते, आणि तो स्वतः मात्र कुठेच उभा नसतो. 'तुंबाडचे खोत'सारखी चार पिढ्यांची कादंबरी याच्यावाचून उभी राहणे कठीण, श्री. ना. पेंडसे यांनी 1987 साली ती दोन खंडांत याच रीतीने उभी केली. या निवेदकाविषयी मला आदर आहे. भीतीही आहे. कारण नोकरीत मी स्वतः तीस-पस्तीस वर्षे हाच निवेदक होतो.

आमच्या सहकारी बँकेचा कारभार मराठीत चाले. तिथले अहवाल ज्यांनी वाचले असतील त्यांना ती भाषा परिचयाची असेल. 'असे निदर्शनास आले की...' 'सबब कळविण्यात येते की...' 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' या वाक्यांत क्रियापदे आहेत, कर्ता नाही. निदर्शनास आले, पण कोणाच्या? कळविण्यात येते, पण कोण कळवतो? इतके कर्तृत्व आणि एकही कर्ता नाही! नोकरीला लागलो तेव्हा ही भाषा मला हास्यास्पद वाटे. वर्षभरात ती मला सफाईने येऊ लागली.

1988 च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी एका शाखेत अकाउंटंट होतो, वय अठ्ठावीस. आठवड्याच्या बाजाराचा दिवस, काउंटरवर ही गर्दी, पितळी टोकनांचा खणखणाट. संध्याकाळी रोकड मोजली तर पाच हजार रुपये कमी. म्हणजे पन्नासच्या नोटांचे एक अख्खे बंडल. कॅशियर पन्नाशीचा, अबोल, वीस वर्षांत एका रुपयाची चूक न केलेला माणूस. रात्री अकरापर्यंत आम्ही स्लिपा चाळल्या, ड्रॉवर उपडे केले. बंडल काही सापडले नाही.

मुख्य कचेरीला पाठवायचा अहवाल मी लिहिला. त्यातले एक वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते. 'सदर कर्मचारी दुपारी सुमारे पंधरा मिनिटे रोख कक्षास कुलूप न लावता अन्यत्र असल्याचे निदर्शनास आले.' वाक्य शंभर टक्के खरे होते. तो पंधरा मिनिटे कक्षात नव्हता. कुलूप नव्हते. फक्त 'अन्यत्र' म्हणजे माझे टेबल. माझी बेरीज जुळत नव्हती, तो आकड्यांत माझ्यापेक्षा तरबेज होता, मीच त्याला हाक मारली होती, "जरा लगेच या हो." तो दार नुसते ओढून घेऊन आला, माझी चूक शोधून दिली आणि परत गेला.

हे अहवालात आले नाही. कोणी विचारले नाही. त्याच्या जबाबात त्याने ते लिहिले असते तर मला हो म्हणावे लागले असते. त्याने लिहिले नाही. का, ते मला आजतागायत माहीत नाही. त्याने पैसे भरले, त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. पुढे तो गेल्याचे कळले, तेही बऱ्याच उशिरा.

महाभारतातले युद्ध आपण संजयाच्या तोंडून ऐकतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो ते कोणाला सांगतो, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. ऐकणारा धृतराष्ट्र आहे. त्याचा पहिला प्रश्नच 'माझे' आणि 'पांडूचे' अशी वाटणी करून येतो. मरणारे त्याचे मुलगे आहेत, आणि संजय त्याचा नोकर. तरी संजय गाळत नाही. भीष्म पडले, द्रोण पडले, कर्ण पडला, एकेक करून मुलगे पडले, हे सारे तो धन्यासमोर बसून सांगतो, आणि दोष कोणाचा हेही सुनावतो. अहवाल कसा लिहावा याचे इतके जुने उदाहरण घरात असताना मी 'निदर्शनास आले' लिहीत होतो.

लिहायला लागल्यावर केव्हा तरी ही गोष्ट लिहावी लागणार, हे मी धरूनच होतो. पहिला खर्डा तृतीयपुरुषी होता. कॅशियर, अकाउंटंट, शाखाधिकारी, शिपाई, सगळ्यांच्या मनात डोकावणारा. दीडशे पाने झाल्यावर वाचून पाहिला आणि लक्षात आले की हा पुन्हा अहवालच झाला आहे. सगळ्यांना समजून घेणारा, सगळ्यांना थोडे थोडे दोषी धरणारा, आणि म्हणून कोणालाच न धरणारा. त्या सर्वज्ञ निवेदकाआड मी पुन्हा 'अन्यत्र' होतो.

दुसरा खर्डा कॅशियरच्या 'मी'तून लिहिला. मला वाटले, हाच न्याय. आपट्यांनी यमूला बोलते केले, मी याला करतो. भराभर लिहून झाला आणि सगळ्यांना आवडलाही. एका संपादकमित्राने तर छापायचीच तयारी दाखवली. पण एक प्रकरण मला टोचत राहिले. त्यात निवृत्त झालेला कॅशियर अंगणात बसून म्हणतो, की त्या पोराचे तरी काय चुकले, नवा होता, घाबरला. फार सुंदर उतरले होते ते. आठ-दहा दिवसांनी उमगले की हे कॅशियर बोलत नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालून मी माझी माफी वसूल करून घेतली होती. माझे देणे मी त्याच्या वहीत, त्याच्याच सहीने, फेडल्याचे दाखवले होते. बँकेच्या भाषेत याला वेगळे नाव आहे.

म्हणजे दुसऱ्याच्या 'मी'त शिरूच नये, असे मी म्हणत नाही. तसे केले तर आपटे गेले, आणि नाना तऱ्हेच्या माणसांच्या तोंडून बोलणारी एकनाथांची भारुडेही गेली. पण शिरताना आपल्याला तिथे काय हवे आहे, हे विचारावे लागते. स्वतःच्या 'मी'तही सहज शिरता येते असे नाही. दया पवारांनी 1978 मध्ये 'बलुतं' लिहिले तेव्हा आत्मचरित्रच लिहायचे होते, सरळ 'मी' म्हणून सुरू करता आले असते. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच. पण एक त्या जगण्यातून गेलेला आणि दुसरा शिकून, शहरात राहून, पांढरपेशांत उठबस करणारा. त्या दोघांमधले अंतर मिटवून टाकायचे नाही, हे त्यांनी पहिल्या पानांतच ठरवले आहे.

शेवटी तिसरा खर्डा अकाउंटंटच्या 'मी'तून लिहिला. तो सारखे स्वतःचे समर्थन करतो, बायकोवर ओरडतो, आणि आपण काय गाळले ते त्याच्या नकळत वाचकाला दिसते. तीच कादंबरी छापून आली. आणि तिच्याविषयी, एका भरल्या वाचनालयात, कोणी सरळ विचारले की हे तुम्हीच ना, तेव्हा मी म्हणालो, निवेदक म्हणजे लेखक नव्हे. सिद्धान्त खरा आहे. 1988 चे वाक्यही खरे होते.

कार्यक्रम संपल्यावर पोहे आणि चहा होता. त्या बाई बशी घेऊन माझ्याजवळ आल्या.

"आणखी एक विचारू का? मघाशी राहून गेलं."

"विचारा ना."

"पाच हजार त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी आणून भरले, असं तुम्ही लिहिलंय. पगार अडीच हजारांच्या आसपास. मग रातोरात पाच हजार आले कुठून?"

मी म्हणालो, "ते निवेदकाला माहीत नाही. त्याला जे माहीत नाही, ते त्याच्या तोंडून येऊ शकत नाही."

"ते बरोबर," बाई म्हणाल्या. "पण तो विचारतही नाही. त्याच्या घरी जातो, जबाबावर सही घेतो. त्याची बायको पाण्याचा तांब्या ठेवून आत जाते. दोन ओळी. परत पुस्तकभर ती नाही."

मी काही तरी बोललो असेन. काय ते आठवत नाही.

परतीच्या एस.टी.त पत्नी खिडकीशी बसली होती. कादंबरीतल्या नवऱ्याबद्दल तिने तोवर अवाक्षर काढले नव्हते. बराच वेळ गेल्यावर, बाहेर बघतच, म्हणाली, "पाटल्या. दुसरं काय असणार?"

तेव्हापासून मी एक पान लिहायला बसतो आहे. सांगणारी ती. दारात एक पोरगेला साहेब कागद घेऊन आला आहे, नवरा काही न बोलता सही करतो आहे, आणि ती आतून पाहते आहे. तिथून तिला काय दिसले? मला तांब्या आठवतो, उंबऱ्यापाशी अडकलेला पदर आठवतो. चेहरा आठवत नाही. त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या अर्जावर नामनिर्देशनाच्या रकान्यात तिचे नाव होते, वय होते, 'नाते: पत्नी' असे होते. तो अर्ज मी तपासला होता आणि खाली सहीही केली होती. ते नाव मला आठवत नाही.